गोळी बंद केली, आता डॉक्टरांना काय सांगू?

सोलापूरहून एका ४६ वर्षांच्या ताईंचं पत्र आलंय. त्या आणि त्यांचे यजमान शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट चालवतात. फेब्रुवारीत त्यांना आठवडाभर सडकून ताप आला. तो उतरून तीन आठवडे होतात न होतात तोच ८ मार्चला, महिला दिनाच्या कॅम्पमध्ये, भिशीतल्या मैत्रिणींबरोबर त्यांनीही थायरॉईडच्या तपासणीसाठी रक्त दिलं. टीएसएच ६.८ निघालं. थकवा होताच, म्हणून घराजवळच्या, वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी थायरॉईडची ५० ची गोळी लिहून दिली. दीड महिना ती घेतली. त्या काळात रात्री दोन-अडीचला धडधडून जाग येऊ लागली, घाम फुटू लागला, केस मूठमूठ गळू लागले. केसांसाठी बहिणीने सुचवलेल्या बायोटिनच्या गोळ्याही आता चालू आहेत. सासूबाई म्हणतात, ‘गोळी उष्ण पडली तुला.’ थोरल्या जाऊबाई बारा वर्षं हीच गोळी घेतात. त्या म्हणतात, ‘एकदा लागली की सुटत नाही बघ.’ आठ दिवसांपूर्वी ताईंनी कुणालाच न सांगता गोळी बंद केली. त्या विचारतात: ‘मला या गोळीची खरंच गरज होती का? दीड महिन्यात काही नुकसान झालं असेल का? आणि डॉक्टरांना आता कोणत्या तोंडाने सांगू?’

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी एवढं सांगा. धडधडतं तेव्हा छातीत दुखतं का? दम लागतो का, डोळ्यांपुढे अंधारी येते का? मनगटावर बोटं ठेवली तर नाडी एका लयीत लागते की मधेच अडखळते? यातलं एक जरी असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, आजच जाऊन ईसीजी काढून घ्या. तसलं काही नसेल तर निवांत बसा, बोलू.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गोळी सुरू करायची गरज होती का, हा एक. आणि जो त्रास होतोय तो गोळीचाच आहे का, हा दुसरा. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. गोळीची गरज असूनही ती जास्त होऊ शकते, आणि गरज नसलेली गोळी काहीही त्रास न देता वर्षानुवर्षं पोटात जाऊ शकते. म्हणून एकेक घेऊ.

टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. तुमच्याच युनिटमधलं उदाहरण घ्या. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज आणि थायरॉईडचं हार्मोन, म्हणजे टी-फोर, हा शिवून झालेला माल. माल कमी पडायला लागला की मुकादम ओरडतो. तुमच्या कॅम्पमध्ये मुकादमाचा आवाज तेवढा मोजला, माल मोजलाच नाही. पत्रात फक्त टीएसएचचा आकडा आहे, फ्री टी-फोरचा उल्लेख नाही. आवाज चढलेला पण माल पूर्ण, अशा अवस्थेला डॉक्टर ‘सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम’ म्हणतात. बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची वरची मर्यादा चार ते पाचच्या आसपास असते. ६.८ म्हणजे ती ओलांडलेली, पण फार नाही. दहाच्या आतला आकडा आणि टी-फोर नॉर्मल असेल तर त्या अवस्थेला सौम्य धरतात.

आता तुमचा ताप. तुम्ही तो ओघात लिहून टाकलात, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. मोठ्या आजारातून शरीर सावरत असताना टीएसएच काही आठवडे वर जातं आणि मग आपलं आपण खाली येतं. त्यातून टीएसएच दिवसभर सारखं नसतं, रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. म्हणून लक्षणं सौम्य आणि आकडा दहाच्या आत असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, सोबत फ्री टी-फोर करायचं, आणि दुसऱ्यांदाही आकडा वाढलेलाच आला तर पुढचा विचार करायचा, अशी रीत आहे. सौम्य वाढ असलेल्या बऱ्याच जणांचा दुसरा रिपोर्ट नॉर्मल येतो. तापानंतर तीन आठवड्यांनी, तेही एकदाच केलेल्या तपासणीवर ‘मला थायरॉईड आहे’ असं स्वतःला सांगून टाकणं मला घाईचं वाटतं.

डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. समोर थकलेली बाई, हातात वाढलेला आकडा. अशा वेळी छोटी गोळी लिहून देणारे पुष्कळ डॉक्टर आहेत आणि त्यात वाईट हेतू नसतो. तापाचं तुम्ही त्यांना सांगितलं होतंत का? पत्रावरून कळत नाही. कॅम्पचा कागद पुढे केला असेल आणि ताप राहून गेला असेल, तर त्यांना तो स्वप्नात तर दिसणार नव्हता.

अशा सौम्य केसमध्ये गोळीने खरंच बरं वाटतं का, यावर बरंच काम झालंय. २०१७ साली युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ६५ वर्षं आणि त्यावरचे ७३७ जण होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. वर्षभराने थकवा आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. टीएसएचचा आकडा मात्र खऱ्या गोळीने छान खाली आला. तुम्ही ४६ च्या, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे तुम्हाला लावता येणार नाहीत. पण २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा सगळ्या चाचण्या एकत्र पाहून सांगितलं की सबक्लिनिकल अवस्थेत प्रौढांना सरसकट ही गोळी देऊ नये. सगळ्याच तज्ज्ञांना हे इतकं ठामपणे मान्य आहे असं नाही. आणि त्या गटानेही स्वतः काही जणांना यातून वगळलं: मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रिया, तिशीपर्यंतचे तरुण, टीएसएच वीसच्या वर असलेले, आणि लक्षणं तीव्र असलेले. या चारही गटांत तुम्ही बसत नाही असं पत्रावरून वाटतं.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: गरज होती असं तुमच्या कागदांवरून ठरत नाही. गरज नव्हती असंही ठरत नाही. ठरवायला लागणाऱ्या तपासण्या अजून झालेल्याच नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. यात मला जास्त रस आहे, कारण तुम्ही सगळं खापर गोळीवर फोडून मोकळ्या झालात.

केसांपासून सुरू करू. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. कंगव्यात, उशीवर, मोरीच्या जाळीवर पुंजकेच्या पुंजके. तापात बरेचसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि नंतर एकदमच सुटतात. फेब्रुवारीत ताप, एप्रिलअखेर केस. हिशोब जुळतो. काही महिन्यांत हे गळणं थांबतं आणि केस पुन्हा येतात. थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत थोडे केस गळू शकतात हेही खरं, पण तुमच्या बाबतीत माझा संशय तापावर जास्त आहे.

आता रात्रीची धडधड. तुम्ही लिहिता की जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ऑर्डरी पुऱ्या करायच्या म्हणून रात्री बारा-बारापर्यंत मशीनवर बसता, झोप येऊ नये म्हणून दिवसातून सात-आठ कप चहा होतो, जेवायला सवड नसते म्हणून दुपारचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर भागवता. सोलापूरचा मे महिना, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला, वर पत्र्याची शेड. आणि वय ४६. पाळी मागेपुढे होते का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. या वयात पाळी जायच्या आधीची काही वर्षं रात्री घाम येऊन, छातीत धडधडून जाग येणं अगदी नेहमीचं असतं. हिमोग्लोबिन कमी असलं तरी धडधडतं आणि थकवा येतो. बी-१२ कमी असलं तरी गळून गेल्यासारखं होतं. ज्या थकव्यासाठी गोळी सुरू झाली, त्याचं कारण कदाचित यातच कुठेतरी असेल.

तरीही गोळीला मी निर्दोष सोडत नाही. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमच्या गोळीतलं औषध, जास्त झालं की नेमकं हेच होतं: धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं, जुलाब, उगाचच चिडचिड, उकाडा सहन न होणं. सासूबाई ज्याला उष्ण पडणं म्हणतात ते अगदीच निराधार नाही. हे हार्मोन जास्त झालं तर शरीराची भट्टी खरोखरच वाढते. ५० मायक्रोग्रॅम हा फार मोठा डोस नव्हे, पण स्वतःची ग्रंथी जवळपास नीट चालत असलेल्या बाईला तो जड जाऊ शकतो. हे तपासायचा साधा मार्ग होता. गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचं. ते पार खाली गेलं असतं तर गोळी दोषी. दोन-तीनवर आलं असतं तर धडधडीचं कारण दुसरीकडे शोधायचं. ती तपासणी व्हायच्या आतच तुम्ही गोळी थांबवलीत, त्यामुळे तो धागा निसटला.

अजून एक. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवता आणि पहाटेची गोळी पहिल्या चहाबरोबरच घेता, असं लिहिलंय. ही गोळी उष्णता, ओल आणि उजेड यांनी खराब होते. किती अंशांखाली ठेवायची ते बाटलीवर छापलेलं असतं, आणि उन्हाळ्यात गॅसच्या वरची फळी त्यात बसत नाही. कपड्यांच्या कपाटात, कोरड्या जागी ठेवा. घ्यायची ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा-नाश्ता काही नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तासांचं अंतर ठेवायचं. नाहीतर औषध रक्तात पुरतं उतरतच नाही. गंमत बघा, चहाबरोबर घेतल्यामुळे तुम्हाला ५० ची गोळी पूर्ण मिळतच नसण्याचाही संभव आहे.

नुकसानीचं विचारता. फार दिवस टीएसएच अगदी खाली दबलेलं राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत, हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ही वर्षानुवर्षं जास्त डोस घेण्याची गोष्ट आहे. ५० ची गोळी दीड महिना घेऊन कायमचं काही बिघडलं असण्याची शक्यता फार कमी. आठ दिवस बंद ठेवल्यानेही तुमच्यासारख्या केसमध्ये एकदम काही कोसळत नाही. हे औषध शरीरातून हळूहळू जातं, निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून आज-उद्या रक्त तपासून उपयोग नाही. तो आकडा ना गोळीसकटचा, ना गोळीविनाचा.

आता डॉक्टरांचं. यात ‘कोणत्या तोंडाने’ वगैरे काही नाही. पेशंट गोळ्या सोडतात हे त्यांना ठाऊक असतं, न सांगणारा पेशंट मात्र त्यांना अडचणीत आणतो. समजा तुम्ही काहीच बोलला नाहीत आणि जूनमध्ये रक्त दिलंत. टीएसएच सातच्या पुढे आलं. डॉक्टर म्हणणार ५० पुरत नाही, ७५ करू. बंद असलेली गोळी ‘पुरत नाही’ म्हणून वाढवली जाईल, आणि मग ती तुम्ही घाबरून नीट घ्यायला लागलात तर खरा त्रास सुरू होईल.

उगाच प्रस्तावना न करता सांगा: ‘डॉक्टर, गेल्या आठवड्यापासून मी गोळी घेतली नाही. रात्री धडधडायचं म्हणून घाबरून थांबवली. कॅम्पच्या तीन आठवडे आधी मला मोठा ताप येऊन गेला होता. गोळीविना काही आठवडे राहून सगळ्या तपासण्या परत केल्या तर चालेल का?’ एवढं बोलायला एक मिनिट लागतं. यजमानांना सोबत न्या, म्हणजे घरातलंही लपवणं संपेल. डॉक्टर चिडले तर चिडू द्या, दोन मिनिटांत उतरेल. आणि ऐकूनच घेतलं नाही, तर सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत किंवा एखाद्या फिजिशियनकडे कागद दाखवता येतात. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान नव्हे.

ते तीनपैकी एक काहीतरी म्हणतील: गोळी बंदच ठेवून पाहू, किंवा २५ पासून पुन्हा सुरू करू, किंवा तीच गोळी नीट वेळेवर घेऊन पाहू. निवड त्यांनी तुम्हाला तपासून करायची आहे, पण माझा कल विचाराल तर पहिल्याकडे आहे. पूर्वीचा हृदयविकार नाही, मान पुढून सुजलेली नाही, मूल होऊ देण्याचा विचार नाही, आकडा दहाच्या आत. अशा वेळी गोळी थांबवल्यापासून सहा-आठ आठवड्यांनी सकाळी रक्त द्यायचं. टीएसएच, फ्री टी-फोर आणि अँटी टीपीओ, त्याच सुईत हिमोग्लोबिन आणि बी-१२. जूनचा दुसरा आठवडा येतो, म्हणजे नेमकी तुमची गणवेशांची धांदल. तरी एक सकाळ काढाच. आणि रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवा. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन काही मशीनवर थायरॉईडचे आकडे खोटे दाखवतं. लॅबवाल्यालाही सांगा. अश्वगंधा किंवा ‘थायरॉईड मुळापासून घालवणारं’ एखादं चूर्ण चालू असेल तर तेही डॉक्टरांपुढे ठेवा. अश्वगंधेनेही थायरॉईडचे आकडे हलल्याच्या नोंदी आहेत.

अँटी टीपीओचं महत्त्व पुढच्या काळासाठी. आपलंच शरीर थायरॉईडवर उठलंय का, ते त्यावरून कळतं. इंग्लंडमधल्या व्हिकम इथे लोकांवर वीस वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास आहे. टीएसएच वाढलेलं आणि ही चाचणीही पॉझिटिव्ह, अशा शंभर बायकांपैकी दर वर्षी साधारण चौघी पुढे पूर्ण हायपोथायरॉईडकडे, म्हणजे टी-फोरही कमी पडण्याकडे, जात होत्या. नुसतंच टीएसएच वाढलेलं असेल तर दोन-तीन. तुमची निगेटिव्ह आली आणि टीएसएच उतरलं, तर वर्षातून एकदा तपासणी पुरेल. पॉझिटिव्ह आली तरी गोळी लगेच लागेलच असं नाही, पण नजर जरा जास्त ठेवावी लागेल. आणि टी-फोरच कमी निघालं किंवा टीएसएच दहाच्या वर गेलं, तर कुरकुर न करता गोळी घ्या. शरीर जे हार्मोन बनवत नाही तेच बाहेरून देणं, एवढंच ती गोळी करते. आयुष्यभर चष्मा वापरायची कुणाला लाज वाटत नाही, मग हिचीच का?

हे पत्र वाचून दुसरं कुणी आपली बाटली कपाटात टाकायच्या बेतात असेल, तर त्यांनी थांबावं. ज्यांची थायरॉईड ग्रंथी ऑपरेशनने काढली आहे, ज्यांनी रेडिओॲक्टिव्ह आयोडिन घेतलंय, ज्यांचं टी-फोर कमी आहे, ज्या गरोदर आहेत किंवा होऊ पाहतात, त्यांनी स्वतःच्या मनाने एक दिवसही गोळी सोडायची नाही. गरोदरपणात तर डोस बहुधा वाढवावा लागतो. जन्मतःच थायरॉईड कमी असलेल्या बाळाचा तर मेंदू या गोळीवर वाढतो. आणि ज्यांना थायरॉईड जास्त असल्यामुळे कार्बिमाझोल चालू आहे, त्यांचं सगळं गणितच उलटं. तिथे गोळी चालू असताना घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. दोघांच्याही तोंडी ‘थायरॉईडची गोळी’ हेच शब्द असतात, म्हणून भिशीत बसून एकमेकींच्या गोळ्यांची तुलना करू नये.

म्हणूनच जाऊबाईंची मला जरा काळजी वाटते. त्यांच्या धाकट्या मुलीच्या बाळंतपणानंतर त्यांचं टीएसएच चाळीसच्या वर गेलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांची केस तुमच्यासारखी नाही. त्यांची गोळी सुटत नाही ती सवयीमुळे नव्हे, त्यांच्या ग्रंथीला खरोखर आधार हवा आहे म्हणून. तुम्ही गोळी थांबवल्याचं घरात कळेल तेव्हा हा फरक त्यांना नीट सांगा. तुमचं पाहून त्यांनीही सोडली, तर महिना-दोन महिन्यांत त्यांचा आवाज बसेल, अंगावर सूज येईल, आणि तोवर त्या सासूबाईंच्या सांगण्यावरून धने-जिऱ्याचं पाणी पीत बसलेल्या असतील.